एमएस आपल्याकडे खरंच दुर्मीळ आहे का? मल्टिपल स्क्लेरोसिसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अकोल्यात संख्याशास्त्र शिकवते. २०१३ पासून मला स्वतःला एमएस आहे. त्यामुळे या आजाराचे आकडे मी दोन्ही बाजूंनी वाचते. मी डॉक्टर नाही. औषध सुरू करणं, बंद करणं, बदलणं हे तुमच्या न्यूरॉलॉजिस्टचं काम. इथे आहे ते मुख्यतः हा आजार कुणाला होतो, कुठे होतो, कसा दिसतो आणि मोजला कसा जातो याबद्दल.

एमएस म्हणजे नेमकं काय?

मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांकडे जाणाऱ्या नसा यांतल्या तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं. शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती त्यावर हल्ला करते. जिथे आवरण जातं तिथे संदेश मंदावतो किंवा अडतो आणि नंतर तिथे कडक वण राहतो. असे वण अनेक ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी होतात, म्हणून ‘मल्टिपल’. १८६८ साली पॅरिसच्या साल्पेट्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी या आजाराचं पहिलं नीटस वर्णन केलं. हा संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने होत नाही. (हा प्रश्न मला अजूनही विचारतात, आणि विचारणारे अडाणी नसतात.)

भारतात एमएसचे किती रुग्ण आहेत?

देशभर घरोघरी जाऊन कुणीही मोजलेलं नाही. जे आहे ते तुकड्यातुकड्यांनी आहे.

१९८५ च्या सुमाराला मुंबईतले न्यूरॉलॉजिस्ट डॉ. भीम सिंघल यांचा अंदाज होता लाखामागे १.३३. पुढे बराच काळ पाठ्यपुस्तकांत हाच आकडा फिरत राहिला आणि ‘भारतात एमएस जवळपास नाहीच’ असा समज पक्का झाला. २०१४ मध्ये डॉ. लेखा पंडित आणि सहकाऱ्यांनी मंगळूर शहरातला अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे दर निघाला लाखामागे ८.३ च्या आसपास, म्हणजे जुन्या अंदाजाच्या सहापट.

आता थोडं अंकगणित. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी होती. मंगळूरचा दर तसाच्या तसा लावला तर राज्यात नऊ हजारांच्या वर रुग्ण होतात आणि देशात एक लाखाच्या आसपास. हा गुणाकार आहे, मोजणी नाही. मंगळूर हे वैद्यकीय महाविद्यालयांनी भरलेलं शहर आहे. गडचिरोली तसं नाही. तरीही ‘दुर्मीळ’ म्हणून ज्याकडे काणाडोळा होतो, तो आजार एका राज्यात काही हजार घरांत असू शकतो, एवढं या गुणाकारातून कळतं.

तुलनेला जगाचे आकडे: २०२० च्या जागतिक पाहणीनुसार एमएस असलेले लोक सुमारे २८ लाख, म्हणजे लाखामागे जवळपास ३६. जर्मनीत लाखामागे ३०३, अमेरिकेत २८८. आपला दर या मानाने खूप कमी आहे यात शंका नाही. प्रश्न ‘किती कमी’ हा आहे.

मग आजार वाढतोय की फक्त सापडतोय?

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून जरा लांबण लावते.

लाखामागे किती रुग्ण आहेत हा आकडा तीन गोष्टींनी वाढतो. नवे रुग्ण जास्त होऊ लागले तर, रुग्ण जास्त वर्षं जगू लागले तर, आणि पूर्वी न ओळखलेले ओळखले जाऊ लागले तर. १.३३ वरून ८.३ वर जाण्यात यांतला कुणाचा वाटा किती, हे या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही. पण एमआरआय यंत्रं भारतात आली ती १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पोचायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली. त्याआधी एमएसचं निदान म्हणजे हातात हातोडी घेतलेल्या, अनुभवी न्यूरॉलॉजिस्टचं निरीक्षण. असे डॉक्टर मुंबई, दिल्ली, वेल्लोर अशा मोजक्या ठिकाणी. परभणीतल्या एखाद्या बाईचा डोळा महिनाभर अंधूक झाला आणि आपोआप सुधारला, तर ती मुंबईला जाणार होती का? ती गावातल्या डॉक्टरकडून थेंब आणणार, नाहीतर देवाला नारळ बोलणार. डोळा बरा झाल्यावर दोघांनाही श्रेय मिळणार. नोंद कुठेच नाही.

निदानाचे निकषही बदलत गेले. मॅकडोनल्ड निकष २००१ साली आले आणि नंतर अनेकदा सुधारले गेले. आधी दुसरा अटॅक, म्हणजे लक्षणांचा नवा झटका, येईपर्यंत थांबावं लागायचं. आता पहिल्याच अटॅकनंतर, एमआरआय आणि पाठीतल्या पाण्याच्या तपासणीवरून बऱ्याच जणांचं निदान होतं. म्हणजे तीच व्यक्ती १९९५ साली ‘रुग्ण नाही’ आणि २०१८ साली ‘रुग्ण’.

त्यामुळे ‘एमएस सहापट वाढला’ अशी बातमी वाचलीत तर घाबरू नका. आणि ‘आपल्याकडे तो होतच नाही’ असं कुणी सांगितलं तर तेही ऐकून सोडून द्या. खरी वाढ थोडी असेलही. इराणमध्ये गेल्या काही दशकांत दर झपाट्याने चढला आहे आणि तो सगळा एमआरआयचा खेळ मानणं कठीण आहे.

पारशी समाजात एमएस जास्त आहे हे खरं का?

हो. या आजाराच्या भारतीय इतिहासातलं ते सगळ्यात लक्षवेधी प्रकरण आहे आणि ते मुंबईत घडलं. १९८८ मध्ये भरुचा आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या पारशांचा दर प्रसिद्ध केला: लाखामागे २६. जे. जे. रुग्णालयात न्यूरॉलॉजी विभाग उभा करणारे डॉ. नोशीर वाडिया त्या कामात होते. १९९० मध्ये त्यांनी मुंबईबरोबर पुण्यातल्या पारशांचीही मोजणी मांडली आणि निष्कर्ष तोच निघाला. बाकीच्या भारतासाठी तेव्हा सव्वा-दीडचा अंदाज होता. एकच शहर, एकच ऊन, एकच लोकल, आणि दरात वीसपट फरक!

यावरून वंश महत्त्वाचा आहे असं म्हणता येतं. पारशांचे पूर्वज हजारभर वर्षांपूर्वी इराणमधून आले आणि लग्नं बहुतेक समाजातच होत राहिली. पण माझ्यातली मास्तरीण इथे दोनदा खाकरते. पहिलं, पन्नास हजारांच्या वस्तीत लाखामागे २६ म्हणजे साधारण १३ माणसं. त्यात दोन कमी-जास्त झाली तर दर हलतो. दुसरं, पारशी समाज शहरी, शिकलेला, कॉलन्यांमध्ये एकत्र राहणारा आणि दवाखान्याची पायरी लवकर चढणारा. तिथे रुग्ण निसटत नाही. उरलेल्या भारतात तो निसटतो. म्हणजे वीसपटीतला काही भाग वंशाचा आणि काही भाग नीट मोजण्याचा. २६ ची तुलना १.३३ शी न करता मंगळूरच्या ८.३ शी केली तर फरक तिपटीवर येतो. तोही लहान नाही.

थंड देशांत जास्त आणि उष्ण देशांत कमी, असं का?

विषुववृत्तापासून दूर जावं तसा दर वाढतो हे ढोबळमानाने खरं आहे. कारण म्हणून आधी नाव घेतलं जातं ते उन्हाचं आणि ड जीवनसत्त्वाचं. पण फक्त ऊन म्हटलं तर आपल्याकडे गणित जुळत नाही. इथे ऊन मुबलक आहे, तरी ड जीवनसत्त्वाची कमतरता घरोघरी आहे, आणि एमएस कमीच आहे.

दुसरा धागा एपस्टाइन-बार विषाणूचा. २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून जास्त जवानांच्या नोंदींवरचा अभ्यास आला. या विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट वाढतो असं त्यात दिसलं. मात्र जगातल्या १०० पैकी सुमारे ९५ प्रौढांना हा विषाणू होऊन गेलेला असतो. म्हणजे तो बहुधा आवश्यक आहे, पुरेसा नाही. आपल्याकडे तो बालपणीच, साध्या सर्दी-तापासारखा येऊन जातो. पाश्चात्त्य देशांत अनेकांना तो किशोरवयात गाठतो आणि त्यातून ग्रंथी सुजण्याचा मोठा आजार होतो. तो आजार झालेल्यांत पुढे एमएसचं प्रमाण जास्त असतं. आपला कमी दर यातून अंशतः समजतो.

माझी मुलं इंग्लंडमध्ये जन्मली. त्यांचा धोका इथल्यासारखाच राहील का?

नाही, इथल्यापेक्षा जास्त धरा. भारतीय उपखंडातून प्रौढपणी इंग्लंडला गेलेल्यांमध्ये एमएस कमी होता. पण तिथे जन्मलेल्या त्यांच्या मुलांचा दर जवळपास स्थानिक इंग्रजांच्या बरोबरीला आला, असं १९९० च्या एका प्रसिद्ध अभ्यासात दिसलं. रक्त तेच, बालपण वेगळं. लेस्टर किंवा स्लाउमधल्या मराठी आईवडिलांनी घाबरण्याची गरज नाही, धोका हजारात काहींचाच आहे. फक्त वयात आलेल्या मुलीचा एक डोळा अचानक अंधूक झाला तर ‘आपल्यात हे नसतं’ असं म्हणून बसू नका.

कोणत्या वयात होतो? बायकांनाच का जास्त?

बहुतेकांना २० ते ४० या वयात. जगभरात निदानाचं सरासरी वय ३२ आहे. मुलांना आणि पन्नाशीनंतरही होतो, पण कमी. रुग्णांत दर तीन माणसांमागे साधारण दोन बायका. अनेक देशांत हे अंतर गेल्या काही दशकांत वाढलं आहे. संप्रेरकं, जनुकं, धूम्रपानासारख्या सवयी अशी कारणं मांडली जातात, एक पक्कं उत्तर नाही. भारतातल्या रुग्णालयांतल्या जुन्या यादींत पुरुष-बायकांचं प्रमाण बरंच जवळ होतं. मला त्यात आजारापेक्षा आपला समाज जास्त दिसतो. मुंबईला कुणाला न्यायचं हे घरात ठरत होतं.

सुरुवात कशी होते?

प्रत्येकाची वेगळी, पण काही वाटा नेहमीच्या आहेत.

डोळा: एक डोळा दोन-चार दिवसांत अंधूक होतो, बुबुळ हलवलं की आत दुखतं, रंग फिके पडतात. मला उजव्या डोळ्याने आरशातलं कुंकू विटकरी दिसायचं आणि डाव्याने लाल. मी टिकलीची कंपनी बदलली.

पाय: मुंग्या, बधिरपणा, जडपणा. चप्पल पायातून निसटली हे दहा पावलं गेल्यावर, डांबर भाजल्यावर कळतं.

मान: हनुवटी छातीला टेकवली की पाठीतून खाली करंट गेल्यासारखं होतं. त्याला लेर्मिटचं चिन्ह म्हणतात.

शिवाय एकाचं दोन दिसणं, तोल जाणं, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटणं, लघवीला घाईने लागणं किंवा अडकणं. आणि थकवा. हा थकवा झोपेने जाणारा नसतो. सकाळी अंघोळ केली की दिवसभराचं बळ संपलेलं असतं. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून घरच्यांना पटवणं हे आजाराहून अवघड. ‘तू तर छान दिसतेस’ हे वाक्य मी मोजायचं सोडून दिलं.

उन्हाळ्यात माझा त्रास वाढतो. हा नवा अटॅक समजायचा का?

विदर्भ-मराठवाड्यातून येणारा हा पहिला प्रश्न. बहुतेक वेळा नाही. आवरण गेलेला तंतू शरीराचं तापमान अर्ध्या-एक अंशाने वाढलं तरी संदेश नीट नेऊ शकत नाही. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये हे नोंदवलं: व्यायामानंतर रुग्णाची दृष्टी मंदावते, विसाव्यानंतर परत येते. युरोपातल्या पुस्तकांत याचं उदाहरण म्हणून गरम पाण्याचा टब दिलेला असतो. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत एसटी स्टँडवर उभं राहिलं की तेच होतं. थंडावा मिळाला की तासाभरात सुधारतं, नवी इजा झालेली नसते.

खरा अटॅक म्हणजे नवं किंवा पुन्हा उलटलेलं लक्षण, सलग २४ तासांहून जास्त टिकलेलं, आणि ताप किंवा संसर्ग नसताना आलेलं. म्हणून आधी ताप बघा, लघवीची तपासणी करा. लघवीच्या जंतुसंसर्गाने पाय लुळे पडल्यासारखे होणं हे आमच्यात रोजचं आहे आणि त्यावर स्टिरॉइडचं सलाइन हा उपाय नव्हे. ओला पंचा मानेवर, कूलरसमोर खुर्ची, कामं सकाळी आठच्या आत.

‘आपल्याकडचा एमएस वेगळा असतो, डोळे आणि मज्जारज्जूच पकडतो’ हे खरं का?

पूर्वी असं शिकवलं जायचं. आशियातल्या या प्रकाराला डोळे-मज्जारज्जूचा एमएस म्हणत. २००४ मध्ये एक अँटिबॉडी सापडली, ॲक्वापोरिन-४ विरुद्धची, आणि त्यातले बरेच रुग्ण एमएसचे नव्हतेच हे उघड झालं. त्यांचा आजार न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, थोडक्यात एनएमओ. त्यानंतर मॉग अँटिबॉडीचा आजारही वेगळा काढला गेला.

जुने भारतीय आकडे वाचताना हे लक्षात ठेवावं लागतं, कारण त्या यादींत एनएमओ मिसळलेला आहे. गोऱ्या लोकसंख्येत एमएसच्या शंभरेक रुग्णांमागे एनएमओचा एखादा. मंगळूरच्या त्याच अभ्यासात एनएमओचा दर लाखामागे अडीचच्या वर, म्हणजे एमएसच्या तीन रुग्णांमागे जवळपास एक. यात निव्वळ नावाचा फरक नाही. इंटरफेरॉन, फिंगोलिमोड यांसारखी एमएसची काही औषधं एनएमओत आजार बिघडवू शकतात. दोन्ही डोळे एकदम जाणं, मज्जारज्जूत तीन किंवा जास्त मणक्यांएवढा लांब डाग, दिवसेंदिवस न थांबणारी उचकी किंवा उलटी, यांतलं काही असेल तर ही अँटिबॉडी तपासली आहे का हे डॉक्टरांना जरूर विचारा.

बाकी, एनएमओ बाजूला काढल्यावर उरलेला भारतीय एमएस पाश्चात्त्य एमएससारखाच दिसतो.

सगळ्यांचा आजार सारखाच पुढे जातो का?

नाही. सुमारे ८५ टक्के लोकांत तो अटॅकने सुरू होतो: येतो, काही आठवड्यांत पूर्ण किंवा अर्धवट ओसरतो, मग शांतता. यातल्या काहींत बऱ्याच वर्षांनी अटॅक थांबतात आणि हळूहळू घसरण सुरू होते. १० ते १५ टक्क्यांत पहिल्यापासूनच अशी संथ घसरण असते. ती चाळिशीच्या आसपास सुरू होते आणि तिच्यात पुरुष-बायकांचं प्रमाण जवळपास सारखं असतं.

निदानाला इतका वेळ का लागतो?

कारण आपल्याकडे एमएससारखं दिसणारं बरंच काही आहे: क्षयरोग, मेंदूतल्या जंतांच्या गाठी, आणि शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता. मुंग्या म्हटलं की बी-१२, हे समीकरण इतकं घट्ट आहे की मला एका दवाखान्यात वर्षभर इंजेक्शनं मिळाली. माझं बी-१२ खरंच कमी होतं! डॉक्टर चुकले असं म्हणता येत नाही, फक्त तिथेच थांबले. बी-१२ भरून निघाल्यावरही लक्षणं नव्याने येत असतील तर पुढे जायला हवं.

उलटी चूकही होते. चाळिशीनंतरच्या अर्धशिशी किंवा रक्तदाबाच्या रुग्णाच्या एमआरआयमध्ये पांढरे ठिपके दिसतात आणि रिपोर्टवर ‘एमएस असू शकतो’ असं लिहून येतं. नुसत्या ठिपक्यांवरून एमएस ठरत नाही. लक्षणांची कहाणी आधी, चित्र नंतर.

अनुवांशिक आहे का? मुलीचं लग्न ठरवायचं आहे.

धोक्याची जनुकं आहेत. त्यांतलं सर्वांत ओळखीचं एचएलए-डीआरबी१ या जनुकगटातलं असून, ते असलेल्याचा धोका साधारण तिप्पट होतो. पण आजार थेट वारशाने उतरत नाही. पाश्चात्त्य आकड्यांनुसार हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला एमएस असेल तर दुसऱ्याला होण्याची शक्यता चारात एक. सख्ख्या भावंडांत शंभरात दोन ते चार. मुलांत त्याच्या आसपास किंवा कमी. भारतात मूळ दरच कमी, त्यामुळे हेही आकडे कमी असावेत.

स्थळाला सांगायचं का? सांगा. औषधाचं इंजेक्शन फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे किती वर्षं लपवाल?

बाळंतपण करता येतं का?

हो. १९९८ च्या युरोपीय अभ्यासात २५४ बायकांच्या नोंदी होत्या. गरोदरपणाआधी वर्षाला सरासरी ०.७ अटॅक, त्याच वार्षिक हिशेबाने शेवटच्या तिमाहीत ०.२, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत १.२. म्हणजे पोटुशी असताना आराम आणि सव्वा महिना पाळताना सावधानता. काही औषधं गर्भाला घातक असतात, म्हणून नियोजन आधी, दिवस गेल्यावर नव्हे.

औषधं आहेत का? खर्च?

समूळ बरं करणारं नाही. अटॅक आणि नवे डाग कमी करणारी बरीच आहेत. पहिलं इंटरफेरॉन १९९३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पहिली गोळी २०१० मध्ये, आणि पहिल्यापासून संथ घसरणीच्या प्रकारावरचं पहिलं औषध, ओक्रेलिझुमाब, २०१७ मध्ये. भारतात गोळ्यांची स्वस्त भारतीय रूपं मिळतात आणि रिटुक्सिमाब मोठ्या प्रमाणावर वापरलं जातं. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू करण्याआधी क्षयरोग आणि कावीळ-बीची तपासणी झालीच पाहिजे. आपल्या देशात ही नुसती औपचारिकता नाही. मुंबईत १९८५ पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया काम करते. औषधांबद्दल आणि इतर मदतीबद्दल तिथे विचारता येतं.

दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं का?

२०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्ट आहे. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के लागतात. अडचण अशी की डॉक्टर मोजतात ते मुख्यतः चालणं. जॉन कुर्ट्झके यांची १९८३ ची शून्य ते दहाची मोजपट्टी पाहा: ६ म्हणजे शंभर मीटर चालायला एक काठी लागते. थकवा, विसराळूपणा, लघवीची घाई या गोष्टी तिच्यात फार खाली बसतात. शिवाय बोर्डासमोर जायचा दिवस नेमका चांगला निघतो. म्हणून फक्त त्या दिवसाच्या तपासणीवर भिस्त ठेवू नका. सगळे जुने कागद तारखांच्या क्रमाने लावून न्या.

माझी नोंद कुठे होते? पुढच्या मोजणीत मी येईन का?

एमएसची सक्तीची सरकारी नोंदणी नाही. दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने अनेक रुग्णालयांचं एक नोंदणी-जाळं सुरू झालं आहे. तुमचे न्यूरॉलॉजिस्ट त्यात आहेत का ते विचारा. तुम्ही स्वतः एवढं करा: एका वहीत पहिल्या लक्षणाची तारीख, प्रत्येक अटॅक, किती दिवस टिकला, काय उरलं, कोणतं औषध कधीपासून. आणि एमआरआयची सीडी जपा. रिपोर्टचा कागद प्रत्येक जण ठेवतो. पाच वर्षांनी डॉक्टर मागतात ती सीडी, जुन्या डागांशी नवे डाग ताडून बघायला. माझी पहिली सीडी आमच्याकडे नातवंडांनी पतंगाच्या मांज्याला बांधून कावळे हाकलायला गच्चीवर लटकवली होती. दुसरीपासून सगळ्या कपाटात, कुलपात आहेत.